जोशुआ ट्री: वाळवंटातल्या कातळावर मित्रांसोबत (अनुभव आणि चर्चा)

मुक्ता_कातळ

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीला प्रस्तरारोहणासाठी जाऊन आलो. दर हिवाळ्यात इथे कोणी ना कोणी विचारतं, "तिकडे जायचंय, कुठल्या रूटपासून सुरुवात करू?" म्हणून यावेळी नीट लिहायचं ठरवलं. माझं मत आधीच सांगते: तिथे रूट (चढाईची ठरलेली वाट) निवडताना ग्रेड (अवघडपणाचा आकडा) सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी बघा. वर अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) कशाचा लागणार, उतरायचं कुठून, आणि त्या भिंतीवर ऊन कधी येतं.

आमच्यात अमेय आणि मी पुण्यापासूनचे चढणारे. केतकी इथल्या इनडोअर भिंतीवर तयार झालेली, तिथे ती आम्हा दोघांपेक्षा सरस. निखिल आणि सायली अगदी नवे. आणि विनयदादा, मुलीकडे आले होते म्हणून सोबत आले. त्यांनी सह्याद्रीतले सुळके चढायला सुरुवात केली तेव्हा आम्ही शाळेत होतो.

लॉस एंजेलिसहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर. १९३६ साली राष्ट्रीय स्मारक आणि १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालेला हा सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. दोन वाळवंटं इथे एकमेकांना भिडतात: वरचं, थंड मोहावी आणि खालचं, उष्ण कोलोरॅडो. चढाई मुख्यतः मोहावीच्या भागात, समुद्रसपाटीपासून बाराशे-तेराशे मीटरवर. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, त्यामुळे हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. रूट आठ हजारांच्या वर आहेत, त्यामुळे "काय चढू" हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

आता कातळाबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. हा ग्रॅनाइटच्या कुळातला मोंझोग्रॅनाइट, दहा कोटी वर्षांहून जुना. शिलारस (मॅग्मा) जमिनीखालीच थिजला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. हवा आजच्यापेक्षा ओली होती त्या काळात मुरलेल्या पाण्याने भेगांच्या कडा जमिनीखालीच खाल्ल्या, कोपरे गोल झाले. पुढे पुरांनी वरची माती वाहून नेली आणि हे ढिगारे उघडे पडले. दगडाचे स्फटिक खरखरीत, हाताची साल काढणारे. भिंतीवर धरायला खोबण अशी क्वचितच. एक तर सरळ भेग, नाही तर गुळगुळीत दिसणारा पण पायाला चिकटणारा उतार, म्हणजे स्लॅब.

विनयदादांना चढताना बघणं हा माझ्यासाठी या सहलीतला सगळ्यात मोठा धडा होता. सह्याद्रीतल्या बसॉल्टवर आपण प्रत्येक होल्ड (धरायची जागा) आधी हाताने थोपटतो, आवाज ऐकतो, हलत नाही ना ते बघतो आणि मगच वजन देतो. दगड सुटतो, गवत उपटून येतं, मुरूम घसरतो. ती सवय त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की पहिल्या स्लॅबवर ते प्रत्येक पावलाला थांबून हाताने काहीतरी शोधत होते, आणि सापडत काहीच नव्हतं. अमेय खालून सांगत होता, "दादा, टाचा खाली सोडा, शरीर दगडापासून लांब ठेवा, पायावर उभे राहा." भीती वाटली की माणूस दगडाला बिलगतो. बिलगलं की पायावरचा दाब कमी होतो आणि पाय सुटतो. अर्ध्या उंचीवर त्यांनी एकदा हात पूर्ण मोकळे सोडले, नुसते तळवे टेकवले आणि चालत गेल्यासारखे वर गेले. वर पोचल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं मी हातांनी चढत होतो." त्यानंतर ते दिवसभर स्लॅब सोडायला तयार नव्हते.

भेगांचं उलट. केतकी इनडोअरला अवघड रूट सहज करते, पण तिथे रंगीत होल्ड असतात. इथे हात भेगेत सरळ घालायचा, अंगठा तळव्याकडे वळवून मूठ आतून फुगवायची आणि त्या जॅमवर (अडकवलेल्या हातावर) लोंबकळायचं. पाय आडवा घालून पिळायचा. दुखतं, पण जमलं की हात सुटत नाही. हाताच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चढणं होत नाही.

ग्रेडबद्दल का म्हणते ते सांगते. इथले बरेच रूट १९६० आणि ७० च्या दशकांतले. अमेरिकन मोजपट्टीत ५ नंतरचा आकडा वाढेल तशी चढाई अवघड. त्यातल्या सुरुवातीच्या काळात ५.९, ५.१० म्हणजे जवळजवळ कमाल, त्यामुळे खालचे सगळे आकडे आजच्या मानाने कडक लागतात. 'द ओल्ड वुमन' नावाच्या कातळावर 'डबल क्रॉस' ही ५.७ च्या थोडी वरची प्रसिद्ध भेग आहे. आकडा बघून नवे लीडर (दोर घेऊन सगळ्यात आधी चढणारे) तिथे जातात आणि या रूटवर अपघातही बरेच झाले आहेत. भेग सुरेख आहे, कॅम (भेगेत अडकवायचं उघडझाप होणारं उपकरण) चांगले बसतात, पण भेगेत शिरेपर्यंतचा भाग नवख्याला गोंधळवणारा आहे, आणि स्वतः गियर (कॅमसारखी काढता येणारी साधनं) लावायची सवय नसेल तर ५.७ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. भिंत पश्चिमेकडची, म्हणजे थंडीत सकाळी बोटं बधिर. आम्ही दुपारी गेलो. अमेयने लीड केलं, मी गियर काढत मागून गेले. खूप आनंद झाला.

आता अँकर. पुष्कळ रूटच्या माथ्यावर बोल्ट (दगडात कायमचे ठोकलेले खिळे) नाहीत. माथे गोल असतात, आणि कॅम बसतील अशी भेग कड्यापासून पाच-सात मीटर मागे असते. म्हणजे तिथून लांब स्थिर (न ताणला जाणारा) दोर काढून अँकरबिंदू कड्याच्या पुढे आणावा लागतो, दोर घासतो तिथे पॅडिंग लागतं, आणि हे करताना स्वतः बांधलेलं असावं लागतं. मी तीन गियर वेगवेगळ्या भेगांत लावते, सगळे एकाच दगडाच्या मागे नाही. झाडाला किंवा झुडपाला दोर बांधायला तिथे मनाई आहे. जोशुआ ट्री हे झाड वर्षाला काही सेंटीमीटरच वाढतं.

नव्यांसाठी सायक्लॉप्स रॉकवरचा 'द आय' मला फार आवडतो. ग्रेड ५.४. कातळाच्या डोळ्यासारख्या मोठ्या भोकात चढून जायचं आणि पलीकडून उतरायचं. निखिल-सायलीचा पहिला खराखुरा रूट तोच. सायली त्या भोकात बसून पलीकडचं वाळवंट बघत राहिली, खाली यायलाच तयार नव्हती.

राहायला आम्ही हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडला होतो. आरक्षण होत नाही, आधी येईल त्याला जागा. साइटवर सहा माणसं आणि दोन गाड्यांपर्यंत परवानगी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पोचा. पाणी आत नाही. बाहेरूनच भरून न्या.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे ते सांगते.

---

सह्यभ्रमर

उत्तम लेख, वाचनखूण साठवली. विनयदादांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आम्ही हंपीला ग्रॅनाइटवर पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच झालं होतं. नागफणीवर आणि तैलबैलावर चढलेली मुलं तिथे पायावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. महाराष्ट्रातून जोशुआ ट्रीला जाणाऱ्यांनी आधी हंपी करावं असं सुचवेन. बदामी वाळूच्या दगडाची, तिचा स्वभाव वेगळा.

एक प्रश्न. तिथे बोल्ट कमी का? सह्याद्रीत आपण गरज पडली की हातोडीने बोल्ट ठोकतो.

---

मुक्ता_कातळ

@सह्यभ्रमर धन्यवाद. हंपीचा सल्ला एकदम योग्य.

बोल्टबद्दल: उद्यानाचा बराच मोठा भाग कायद्याने वन्य क्षेत्र म्हणून जाहीर आहे. तिथे यंत्रावर चालणारी ड्रिल वापरता येत नाही, आणि नवा बोल्ट मारायला परवानगी लागते. दुसरं कारण तिथली परंपरा. जिथे भेग आहे तिथे गियर लावून चढायचं, दगडाला कायमची जखम करायची नाही, असं तिथले जुने चढणारे मानत आले. मला हे मनापासून पटतं. पुढच्या माणसाला कातळ आपल्याला मिळाला तसाच मिळायला हवा.

---

रोहित_डेन्वर

बोल्टच्या मुद्द्यात थोडी भर. २०२३ च्या शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने असा मसुदा आणला होता की वन्य क्षेत्रातले कायमचे अँकर, म्हणजे जुने बोल्टसुद्धा, 'मनाई असलेली उभारणी' मानायचे आणि प्रत्येकासाठी वेगळी तपासणी करायची. चढणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, कारण गंजलेला बोल्ट बदलणंही त्यात अडकलं असतं. मसुदा मागे घेतला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यात वन्य क्षेत्रात कायमचे अँकर वापरणं योग्य ठरवलं गेलं. नव्या बोल्टवर मर्यादा आहेतच. म्हणून "वाटलं म्हणून मारला" हे तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

---

केदार_जोग

ताई, लेख छान आहे, पण एका मुद्द्यावर मतभेद. ग्रेड शेवटी बघा हे अनुभवी माणसाला ठीक. नव्या माणसाकडे ग्रेडशिवाय दुसरं मोजमाप काय आहे? त्याला अँकर, उतरायची वाट, ऊन यातलं काहीच कळत नाही.

---

मुक्ता_कातळ

@केदार_जोग प्रश्न रास्त आहे. पण म्हणूनच मला वाटतं की ज्याला या तीन गोष्टी कळत नाहीत त्याने तिथे लीड करू नये. ज्याला कळतात त्याच्यासोबत जावं किंवा परवानाधारक गाइड घ्यावा. आकडा फक्त सगळ्यात अवघड हालचाल किती अवघड ते सांगतो. ती हालचाल गियरपासून किती वर आहे, पडलात तर खाली काय आहे, हे त्यात नाही. उतरण्याबद्दल तर तो काहीच बोलत नाही. जोशुआ ट्रीत कित्येक कातळांवरून उतरायला दोर न बांधता हातपाय टेकत यावं लागतं, आणि ५.६ चढून गेलेला माणूस तिथे रडकुंडीला येताना मी पाहिला आहे. इंटरसेक्शन रॉकवर 'माइक्स बुक्स' हा ५.६ चा दोन पिचचा (दोराच्या टप्प्यांचा) रूट आहे, त्याला वरून रॅपल करून (दोरावरून सरकत) येता येतं. एखाद्या सोप्या रूटवरून पायी उतरणं अवघड असेल तर नव्या माणसासाठी 'माइक्स बुक्स'च बरा.

---

शाल्मली

माझा नवरा सध्या यूट्यूबवर दोराशिवाय चढणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो आणि "तिथले दगड छोटे आहेत, दोर कशाला" असं म्हणतोय. आम्ही डिसेंबरात मुलीला घेऊन जाणार आहोत (वय ९). त्याला काय सांगू?

---

विनयदादा

शाल्मलीताई, मुक्ताने मला हा धागा पाठवला, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय. तुमच्या मिस्टरांना माझा निरोप सांगा. जॉन बाकर हा माणूस जोशुआ ट्रीत दोराशिवाय चढण्यासाठी जगभर गाजला. त्याच्याइतकी तयारी, त्याच्याइतका संयम फार थोड्यांकडे होता. २००९ साली कॅलिफोर्नियातच दोराशिवाय चढताना पडून तो गेला. मी माझ्या काळात दोन मित्र कड्यावरून गमावले. दहा मीटरच्या दगडावरून पडलं तरी माणूस जातो. मुलगी बघते तेच शिकते, तिच्यासमोर हेल्मेट घाला आणि दोर बांधा.

आणि तिला जरूर न्या. तिथे दोन दगडांच्या फटीतून रांगत जाणं, गोल खडकावर चढून उतरणं, यात तिचा दिवस कसा जाईल कळणार नाही.

---

शाल्मली

दादा, खूप खूप आभार. हे जसंच्या तसं दाखवते त्याला.

---

अनघा_मस्कत

इकडे आखाती देशांत राहणाऱ्यांसाठी लिहिते. आम्ही दरवर्षी जॉर्डनच्या वादी रमला जातो. तो वाळूचा दगड, नाजूक. पाऊस पडून गेला की कातळ पूर्ण सुकेपर्यंत चढायचं नाही, ओला वाळूचा दगड कमकुवत होतो आणि होल्ड हातात येतात. जोशुआ ट्रीला पाऊस झाला तर काय करता? आणि वादी रमला बेदूइन लोकांच्या जुन्या वाटा चढता येतात, पिढ्यान् पिढ्या शिकारीला वापरलेल्या. ती गोष्ट मला कुठल्याही ग्रेडपेक्षा मोठी वाटते.

---

मुक्ता_कातळ

@अनघा_मस्कत वादी रमबद्दल वेगळा धागा काढच, प्लीज!

मोंझोग्रॅनाइट ओला झाला म्हणून वाळूच्या दगडासारखा कमकुवत होत नाही. ओल्या स्लॅबवर पाय मात्र टिकत नाही. एक दिवस ऊन-वारा मिळाला की पुन्हा चढता येतं. पाऊस मुळात क्वचित. आम्हाला त्रास झाला तो वाऱ्याचा. माथ्यावर बिले देताना (चढणाऱ्याचा दोर सांभाळताना) खालच्याचा आवाज अजिबात येत नाही. म्हणून दोराच्या खुणा आधी ठरवा: तीन झटके म्हणजे "मी बांधला गेलोय", वगैरे. जे ठरवाल ते सगळ्यांनी एकदा खाली करून बघा.

---

पराग_बे_एरिया

मी तिथे वरचेवर जातो, राहिलेल्या गोष्टी लिहितो.

पाणी: उद्यानाचाच सल्ला माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर, आणि चढणार असाल तर दुप्पट. वेस्ट एंट्रन्सला नळ आहे, इंडियन कोव्हच्या रेंजर स्टेशनला आहे.

मधमाश्या: गरमीत तहानलेल्या मधमाश्या ओलाव्याकडे येतात. उघडा ग्लास, ओला टॉवेल, गाडीच्या एसीचं पाणी, घामेजलेला टीशर्ट, सगळ्यावर बसतात. ॲलर्जी असेल तर औषध खिशात, गाडीत नाही.

फोन: आत बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या. तातडीचा फोन इंटरसेक्शन रॉकच्या पार्किंगला आणि इंडियन कोव्हला आहे, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

थंडी: डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठतं. थंडी जास्त वाटली तर इंडियन कोव्हला जा, ते बरंच खाली आहे, ऊबदार असतं, आणि आरक्षण मिळतं.

कासव: वाळवंटी कासवं सावलीसाठी गाडीखाली येऊन बसतात. निघताना खाली वाकून बघा.

काही कातळ शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांसाठी हंगामी बंद असतात. जाण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. प्राचीन शैलचित्रांजवळ चढायला बंदी आहे, तिथे हातही लावू नका.

---

केतकी_के

मुक्ताने लिहिलेली इनडोअरवाली मीच. भेगांबद्दल एक सांगते, माझ्यासारख्या अजूनही येतील म्हणून. पहिला दिवस मी फक्त टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) एकाच भेगेत घालवला. वर जायचंच नाही, जमिनीपासून दोन मीटरवर हात घालायचा, लोंबकळायचं, काढायचा. संध्याकाळी हात काय मागतोय ते कळायला लागलं. हिडन टॉवरवरची 'सेल अवे' ही ५.८ च्या आसपासची भेग दुसऱ्या दिवशी केली, मागून. तो रूट पूर्ण झाला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. इनडोअरला असा आनंद मला कधीच झाला नव्हता.

---

सह्यभ्रमर

जेवणाचं काय केलंत? आमच्याकडे कड्यावर गेलं की भाकरी, ठेचा, पिठलं ठरलेलं.

---

सायली_निखिल

खाण्याची जबाबदारी माझी होती! घरून मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या. संध्याकाळी स्टोव्हवर मुगाची खिचडी आणि पापड. पाणी मोजून असल्यामुळे भांडी कमीत कमी लागतील असंच करावं लागतं. थंडीत अंगात ऊब ठेवायला गुळपापडीसारखं काही नाही. शेजारच्या साइटवरचे दोघे चढणारे वड्या खाऊन रेसिपी लिहून घेऊन गेले. आणि रात्री आकाश! २०१७ पासून उद्यानाला गडद आकाशाचं आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. विनयदादांनी आम्हाला मृग, व्याध, रोहिणी सगळं दाखवलं.

---

केदार_जोग

पटलं ताई, ग्रेडवर भांडत नाही. आम्ही चौघे फेब्रुवारीत जायचं ठरवतोय, दोघांना गियर लावता येतं. दोर किती लांबीचा, आणि सॅडल रॉक्स चौघांना झेपेल का?

---

मुक्ता_कातळ

@केदार_जोग मस्त! बहुतेक ठिकाणी ६० मीटरचा एक दोर पुरतो. माथ्यावरच्या अँकरसाठी वेगळा दहा-पंधरा मीटर स्थिर दोर जवळ ठेवाच.

सॅडल रॉक्सवर 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' आहे, ५.८, तीन पिच, बोल्ट असलेला स्लॅब. उद्यानातल्या उंच कातळांपैकी तो एक. बोल्टमधलं अंतर जास्त आहे, म्हणून लीड करणाऱ्याचं डोकं शांत हवं. मागच्यांसाठी तो उत्तम आहे. दोन-दोनच्या जोड्या करा, म्हणजे दुसऱ्या जोडीला थंडीत तासभर ताटकळावं लागणार नाही. पायथ्यापर्यंत बरंच चालायचं आहे, तेव्हा सकाळी लवकर निघा. आणि सॅडल रॉक्स शेवटच्या दिवसांसाठी ठेवा, आधी हिडन व्हॅलीजवळच्या छोट्या स्लॅबवर पाय बसू द्या.

रॅपल करताना दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारा, आणि ओढायच्या आधी त्या सोडल्यात का ते दोघांनी बघा. इथल्या भेगांत गाठ अडकली की दोर काढायला पुन्हा चढावं लागतं.

फेब्रुवारीतल्या तारखा ठरल्या की कळवा, आम्हीही त्याच सुमारास जायचा विचार करतोय. विनयदादांचं परतीचं तिकीट मार्चचं आहे.